रिजेंटच्या वरच्या खोलीत

मॅक्सिन टटलचे दात चांगले आहेत, हे मी आधीच मान्य करून टाकते. सत्तरी ओलांडलेल्या बाईचे दात इतके पांढरे असू नयेत असं माझं मत आहे, पण आहेत. केसही आहेत. शिकागोहून आणलेला बदामी रंगाचा लांब कोट आहे, आणि तो काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायची एक ऐटही आहे. यातल्या कशाचाही मला त्रास नाही. माझा त्रास रिजेंट थिएटरपासून सुरू होतो.

रिजेंट माझं होतं. कागदोपत्री नव्हे. कागदोपत्री मालक बरेच होऊन गेले आणि त्यातल्या एकालाही सिनेमा बघायला आवडायचं नाही. पण हार्मन फॉल्सच्या मेन स्ट्रीटवर, बँक आणि टोप्यांच्या दुकानाच्या मधोमध ते थिएटर चालू होतं तोवर त्याच्या लॉबीतल्या काचेच्या काउंटरमागे मी उभी होते. शाळा संपली त्या उन्हाळ्यात लागले, ते हायवेवरच्या मॉलनं आमचा गळा आवळेपर्यंत राहिले. आमचे पॉपकॉर्न नारळाच्या तेलात फुटायचे. तो वास माझ्या केसांना, कोटाला, उशीच्या अभ्र्यालासुद्धा यायचा, आणि मला त्याची लाज कधीच वाटली नाही.

गावातला प्रत्येक माणूस माझ्यासमोरून गेलेला आहे. कोण कुणाबरोबर आलं, कुणी एकाच सोड्यात दोन नळ्या मागितल्या, कोण डोळे पुसत बाहेर आलं आणि सर्दी झालीय म्हणालं, कोण ऑगस्टच्या उकाड्यात नुसतं गार हवेसाठी तिकीट काढून मागच्या रांगेत घोरत पडायचं, सगळं मला ठाऊक. शनिवारी सकाळी पोरांचा खेळ असायचा तेव्हा तर काउंटरवर नुसते चिकट हात दिसायचे. आईबापांना पोरांच्या आवडीनिवडी माहीत नसतील, मला माहीत होत्या. तेव्हा रिजेंटच्या आठवणी कुणाच्या, असा प्रश्न कुणी काढलाच तर उत्तर सरळ होतं. निदान मला तसं वाटत होतं.

माझा नवरा एमिल वार्गो हा रिजेंटचा ऑपरेटर. आम्ही एकाच छताखाली नोकरी केली असं लोक म्हणतात. खरं तर तो बाल्कनीच्याही वर, मशिनच्या खोलीत असायचा आणि मी खाली. त्या खोलीला लोखंडी दार होतं. जुन्या काळच्या फिल्मला चटकन आग लागायची, त्यामुळे दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती, की ऑपरेटरखेरीज कुणीही आत यायचं नाही. पुढे न पेटणारी फिल्म आली, पण पाटी कुणी काढली नाही.

आम्ही तेव्हा थिएटरच्या मागच्या गल्लीत, बूट दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचो. संध्याकाळचा पहिला खेळ सुरू होऊन लॉबी रिकामी झाली की मी धावत घरी जायची. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, नाहीतर लोण्यात परतलेल्या शेवया, जे असेल ते ताटात वाढायचं, वर कपडा बांधायचा आणि तो अरुंद जिना चढून त्या दाराशी न्यायचं. ताट पायरीवर ठेवायचं, दारावर टकटक करायची आणि खाली पळायचं, कारण मध्यंतरापर्यंत नवे पॉपकॉर्न तयार व्हायला हवेत. आत मी कधी पाऊल टाकलं नाही. बॅटरी दाखवणारी डोअरकीपर पोरं अधूनमधून वर जाऊन मशीन बघायला टपलेली असायची, त्यांना मी कान धरून खाली आणायची. "पाटी वाचता येते ना?" मी विचारायची. मॅनेजर म्हणायचा, या थिएटरात नियम कळणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे इर्मा. मला ते फार आवडायचं.

आणि मॅक्सिन? मॅक्सिन रिजेंटमध्ये एक उन्हाळा होती. एकच. माझी रोझलिन झाली त्या उन्हाळ्यात मी घरी होते, तेव्हा माझ्या जागेवर तिला तात्पुरती घेतली होती. पानगळ सुरू झाली तशी ती लग्न करून शिकागोला गेली आणि मी माझ्या काउंटरवर परत आले. बरण्यांची झाकणं सैल, मिठाचा डबा भलत्या जागी. विषय संपला, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं.

थिएटर बंद पडलं. आत कबुतरं राहिली. मग गावातल्या काही हौशी लोकांनी कमिटी काढून ते पुन्हा उभं करायचं ठरवलं. जुनी मशिनं चालवणारा माणूस त्यांना एमिलशिवाय कुठे मिळणार? त्यांनी त्याला फोन केला, आणि तो रोज सकाळी डबा घेऊन जायला लागला. मला फोन आला नाही. मला कार्ड आलं. छापील.

"आई, जुन्या कर्मचाऱ्यांना हातभार लावायला यायचं आग्रहाचं निमंत्रण आहे," रोझलिन म्हणाली. ती आता स्वतः नातवंडांची वाट बघणारी बाई झालीय, पण माझ्याशी बोलताना शाळेतल्या मास्तरणीचा सूर सुटत नाही.

"सगळ्यांना एकच कार्ड म्हणजे आग्रह कसला? दोन आठवडे तिकिटं फाडलेल्या पोराला तेच आणि मलाही तेच?"

"मग काय वाजतगाजत न्यायला यायचं?"

"वाजवायला नको. फोन करायला काय बोटं झिजतात?"

मी गेले नाही. बोलावतील, वाट बघू म्हटलं. एमिलला विचारायची, "कोण कोण असतं तिथे?" तो म्हणायचा, "असतात लोक." "काय काय करता?" "काम." एमिलकडून बातमी काढणं म्हणजे घट्ट बसलेलं बरणीचं झाकण काढणं. हात दुखतात आणि आत लोणचं असेलच असं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याची सवय करून घेतली होती. तो बोलत नाही, मी बोलते, असा आमचा हिशेब ठरलेला होता.

मग सप्टेंबरात एका शनिवारी रोझलिननं मला जवळजवळ ओढतच नेलं. उद्घाटनाआधी गावकऱ्यांना थिएटर आतून दाखवायची टूर होती. लॉबीत शिरले आणि माझं काळीज हललं, ते मी नाकारत नाही. भिंतींना तोच गडद लाल रंग दिला होता. माझा काउंटर नवा केला होता, पण कोपरा तोच, जिथे मी कंबर टेकायची. आणि त्या कोपऱ्याला कंबर टेकून, बदामी कोट खुर्चीवर टाकून, मॅक्सिन टटल उभी होती. छातीवर बिल्ला. टूर तीच दाखवत होती.

नवरा गेल्यावर ती गावात परत आलीय हे मी ऐकलं होतं. पण रिजेंटमध्ये आलीय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या माणसानं सांगायला हवं होतं तो रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून सूप पीत होता.

"आणि इथे, मंडळी," मॅक्सिन सांगत होती, "एका शनिवारी पॉपकॉर्नच्या मशिनमधल्या तेलानं पेट घेतला. लॉबीत नुसती पोरंच पोरं! धावपळ, किंचाळ्या! मग काय केलं असेल? खुंटीवरचा भिजलेला कोट ओढला आणि टाकला मशिनवर! आग गप्प!"

लोक हसले. एका बाईनं टाळ्यासुद्धा वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोट कुणाचा होता?" मी मागून विचारलं.

"अं?"

"कोट. कुणाचा होता तो?"

रोझलिननं माझा दंड धरला. मॅक्सिननं मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं, आणि सगळे दात दाखवून हसली. "अगं बाई, इर्मा! किती वर्षांनी! मंडळी, ही आपली इर्मा वार्गो. मी गेल्यावर हा काउंटर हिनंच सांभाळला."

मी गेल्यावर! हिनंच सांभाळला! जणू काही ही राणी राज्य सोडून गेली आणि मी मागे झाडू मारत राहिले.

"कोट माझा होता," मी म्हणाले. "हिरवा. आणि ते झालं तेव्हा तू शिकागोत होतीस. रोझलिन तेव्हा शाळेत जात होती."

"हो ना, मी कुठे म्हटलं मी टाकला?" ती गोड आवाजात म्हणाली, आणि लाज म्हणाल तर नावालाही नाही. "हे सगळं मला एमिलनं सांगितलंय. किती सुरेख सांगतो गं तो! तासन्‌तास. मी तर ऐकतच राहते. तुझी मजा आहे बाई, घरी रोज ऐकायला मिळत असेल."

माझ्या नवऱ्याला तोंड आहे, ते तासन्‌तास चालतं, आणि ही बातमी मला मॅक्सिन टटलकडून कळत होती. घरी 'मीठ दे' याच्यापुढे तो जात नव्हता. माझा कोट, माझी आग, माझा शनिवार त्यानं दिवसाढवळ्या नेऊन तिच्या ओंजळीत टाकला होता. मला मत्सर वाटला. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

टूर पुढे निघाली. बाल्कनी, छतावरचे सोनेरी ठिपके, आणि मग तो अरुंद जिना. लोक एकामागून एक चढत होते. मीही चढले. पाय आपोआप चढले, त्यांना पायऱ्या पाठ होत्या. लोखंडी दार उघडं होतं, पाटी तशीच. लोक पाटी ओलांडून आत गेले, कमिटीतल्या मुली गेल्या, रोझलिन गेली. मी शेवटच्या पायरीवर थांबले.

"ये ना आई."

"दिसतंय मला इथून," मी म्हणाले. दिसत काही नव्हतं, एका माणसाची पाठ तेवढी होती.

आतून मॅक्सिनचा आवाज आला. "ही दोन मशिनं. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी यायचा, मंडळी. एक रीळ संपत आलं की पडद्यावर वर उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू. डोळा लागला की संपलं! मला हा ठिपका ओळखायला एमिलनंच शिकवलं. त्या उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी त्याचं ताट घेऊन वर यायची आणि इथेच, या खिडकीशी, पूर्ण रीळभर बसायची. खालच्या कुणाला पत्ताही नसायचा."

लोक पुन्हा हसले. मी जिन्याचा कठडा धरला.

ते ताट माझं होतं. तान्ही पोर कडेवर घेऊन मी कोबीची पानं उकडायची, गल्लीतल्या मागच्या दारापर्यंत यायची आणि तिच्या हातात ताट द्यायची. माझ्या या हातांनी. "दाराशी ठेव, टकटक कर आणि ये खाली," असं तिला पढवलंही होतं मी. ती हसून मान डोलवायची. तेव्हाही दात पांढरेच होते.

घरी आले तेव्हा एमिल स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून मशिनची भिंगं पुसत होता. मी कोट काढला नाही. पर्स टेबलावर आपटली, तेव्हा एक भिंग हललं आणि त्यानं ते हळूच पलीकडे सरकवलं.

"रोझलिन झाली त्या उन्हाळ्यात मॅक्सिन वरच्या खोलीत यायची?"

तो थांबला. विचार करायला नव्हे, कापडाची घडी बदलायला. "यायची."

"आत?"

"आत."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. बऱ्याचदा."

इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. त्या क्षणी वाटलं, एकदा तरी बोलायचं होतंस रे.

"काय होतं तुमच्यात?"

एमिलनं चष्मा काढला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला चंद्रावर गेला होतास का असं विचारलंय. "कशाचं काय? ती खिडकीतून सिनेमा बघायची. उकडतंय म्हणून कुरकुरायची. त्या शिकागोवाल्याबद्दल बोलायची, लग्नात किती मजली केक करायचा वगैरे. मी जेवायचो."

"खरं सांग."

"इर्मा, खरंच सांगतोय. केक किती मजली झाला ते मलाही माहीत नाही."

मला ते पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच झोंबलं. तसलं काही असतं तर निदान भांडता आलं असतं. ताटं फेकता आली असती, रोझलिनकडे जाऊन राहता आलं असतं, आणि अख्ख्या गावानं माझी बाजू घेतली असती. त्या खोलीत शेवया खाल्ल्या गेल्या आणि केकच्या गप्पा झाल्या, एवढ्यासाठी कुठे दाद मागायची?

"मग तिला आत का घेतलंस?"

"तिनं विचारलं."

"काय विचारलं?"

"आत येऊ का म्हणाली. मी म्हटलं, ये."

"दारावर पाटी होती!"

"पाटी होती," एमिल म्हणाला. "कडी नव्हती लावलेली. कधीच लावत नव्हतो."

मी खुर्चीवर बसले. कोट अजून अंगात होता.

"आणि मी? मी रोज यायची त्या दाराशी. मला का नाही बोलावलंस?"

त्यानं भिंग उचललं, उजेडात धरलं, परत ठेवलं. मग तो बोलायला लागला. सलग, एवढं मी त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. "पहिल्या वर्षी मी वाट बघायचो. टकटक झाली की मशिनकडे पाठ करून उभा राहायचो. दार उघडेल, तू आत येशील, एवढंसं तरी टेकशील. पण मी हात पुसून दारापर्यंत येईतो तुझी पावलं खाली गेलेली असायची. हाक मारली असती तर बाल्कनीतले लोक ओरडले असते. आणि तू त्या पोरांना जिन्यावरून हाकलायचीस ते मला आतून ऐकू यायचं. पाटी वाचता येते ना, म्हणायचीस. मला वाटलं, हिला नकोच असेल. उकडतं, वास येतो. खाली किती माणसं असायची तुझ्याभोवती. तुझं हसणं वर ऐकू यायचं, सिनेमा शांत असला की."

"मग एकदा घरी आल्यावर सांगायचंस."

"काय सांगायचं? बायको होतीस. म्हटलं, यायचं असेल तर येईल."

"आणि आता तिला तासन्‌तास काय सांगतोस? माझा कोट, माझी आग?"

"ती विचारते." एमिलनं खांदे उडवले. "मग काय झालं म्हणते. तू नाही विचारत, इर्मा. तू सांगतेस. मी सुरुवात केली तर म्हणतेस, शनिवार नव्हता तो, कोट निळा नव्हता. तू तिथेच होतीस. तुला मी काय सांगणार?"

मी उठून आत गेले आणि पलंगावर बसून राहिले. रडले नाही. रडायला आधी ठरवावं लागतं की कुणाचं चुकलंय. मॅक्सिनचं रूप, तिचा कोट, तिचं शिकागो, तिची टूर, तिचा बिल्ला यांचा मला हेवा होता असं मी दुपारपर्यंत समजत होते. ते सगळं मी तिला पॉपकॉर्नच्या पुडीसारखं फुकट देऊन टाकायला तयार होते. मला हेवा वाटत होता तो त्या एका वाक्याचा. 'आत येऊ का?' एवढंच. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागावी तसं ती माझ्या नवऱ्याच्या दाराशी उभी राहून म्हणाली, आणि ते दार उघडलं. माझ्या तोंडात ते वाक्य कधी आलंच नाही. नियम कळणारी एकच व्यक्ती!

पुढचे काही दिवस मी घरात फारसं बोलले नाही. एमिलला ते कळलं, कारण सूप पिताना त्यानं दोनदा माझ्याकडे पाहिलं.

उद्घाटन रविवारी दुपारी होतं. मेन स्ट्रीटवर गाड्या लावायला जागा नव्हती, असं दृश्य मी मॉल झाल्यापासून पाहिलं नव्हतं. मला बिल्ला मिळाला, माझं नाव छापलेला, आणि पुढच्या रांगेत राखीव खुर्ची. लॉबीत मॅक्सिननं जुन्या पद्धतीचा लाल गणवेश नव्यानं शिवून घातला होता. तिला तो बसत होता. अर्थातच बसत होता.

"इर्मा, किती छान दिसतेस गं!" ती म्हणाली. "सिनेमा सुरू झाला की मी महापौरांना आणि देणगीदारांना वर घेऊन जाणार आहे, मशीन चालू असताना दाखवायला. तूही चल की. त्या दिवशी बाहेरच राहिलीस बिचारी. घाबरायचं काही नसतं आत, मी आहे ना."

"बघते," मी म्हणाले. चेहरा कसा ठेवला ते माझं मला माहीत.

दिवे मंद झाले. पडदा सरकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या राखीव खुर्चीपर्यंत गेले, रोझलिनच्या मांडीवर माझा कोट टाकला, आणि वळून बाल्कनीकडे चालू लागले. "आई, कुठे?" ती पुटपुटली. मी चालतच राहिले.

जिना आता मला दमवतो. वर पोचले तेव्हा श्वास लागला होता. दारापलीकडून मशिनची अखंड टरटर ऐकू येत होती. टकटक करायला हात वर गेला होता, तो मी खाली घेतला. दार ढकललं.

आत इतकं उकडत होतं की माझा चष्मा धुरकटला. खोली लहान होती, मी इतकी वर्षं मनात धरली होती त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. मशिनच्या दिव्यातल्या जळत्या कार्बनचा आणि तेलाचा वास. दोन काळी धिप्पाड मशिनं, आणि मधे बाह्या वर सारलेला, घामानं ओला झालेला एमिल. त्यानं वळून पाहिलं. दोघंही म्हातारे होतो आणि मशीन चालू होतं.

"आत येऊ का?" मी विचारलं. मी आत उभी होते तरी विचारलं.

"ये," तो म्हणाला.

त्यानं खिडकीशी मला जागा करून दिली. खालचा सगळा काळोख त्या चौकोनातून दिसत होता, ओळीनं बसलेली डोकी, आणि दूरवर तो उजेडाचा पडदा. आजवर रिजेंटचे सिनेमे मी लॉबीच्या दारातून, तुकड्यांत, आवाजावरूनच जास्त पाहिले होते. "हा काय म्हणतोय तिला?" मी विचारलं. एमिल सांगू लागला. मला तो सिनेमा माहीत होता. तरी मी म्हटलं, "मग काय झालं?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बरीच पावलं, आणि त्यांच्या पुढे मॅक्सिनचा आवाज. "सावकाश हं, पायरी उंच आहे. आता बघा, ही माझी सगळ्यात लाडकी खोली!"

मी दोन पावलांत दाराशी गेले. कडी जड होती, पण एमिलनं सगळ्याच गोष्टींना तेल दिलेलं होतं, ती एका झटक्यात बसली.

दार हललं. मग टकटक झाली. मग बोटांऐवजी मूठ.

"एमिल? दार अडकलंय का रे? महापौर आलेत. इर्मा, तू आहेस का आत? आम्ही आत येऊ का?"

एमिलनं मशिनवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"ती विचारतेय," तो म्हणाला.

"विचारू दे," मी म्हणाले.